‘चर्वितचर्वण’ कोठे वापरावे आणि कोठे टाळावे : नव्या लेखकांसाठी मार्गदर्शन

मराठीत पुस्तक परीक्षणे, वैचारिक लेख, भाषांतरे किंवा सभांची इतिवृत्ते नव्याने लिहू लागलेल्यांना ‘चर्वितचर्वण’ हा शब्द लवकर भेटतो आणि त्याहून लवकर आवडतो. तो वजनदार आहे, उच्चारताना तोंड भरते आणि वाक्याच्या शेवटी ठेवला की वाक्याला विद्वत्तेची झाक येते. एका नियतकालिकाकडे येणारी हस्तलिखिते वाचण्याचे काम करताना मला हा शब्द योग्य जागी जितका दिसला, त्याहून अधिक वेळा तो नुसता शोभेसाठी बसवलेला दिसला. कंटाळवाण्या पुनरावृत्तीसाठी मराठीत शब्दांची टंचाई मुळीच नाही. उलट ते इतके आहेत की नवख्याची निवड चुकते. कोणता शब्द केव्हा घ्यावा, हे एकदा क्रमाने समजून घेतले तर पुढचा बराच गोंधळ वाचतो, म्हणून हा लेख पायऱ्यांनी मांडला आहे.

हाताशी काय असावे

- दाते आणि कर्वे यांनी संपादित केलेला ‘महाराष्ट्र शब्दकोश’ (१९३२ ते १९३८ या काळात सात विभाग, पुढे पुरवणी).
- मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, शक्यतो १८५७ची दुसरी आवृत्ती.
- वामन शिवराम आपटे यांचा संस्कृत-इंग्रजी कोश, कारण या विषयातील ‘चर्वितचर्वण’ आणि ‘पिष्टपेषण’ हे दोन मुख्य शब्द थेट संस्कृतातून आलेले आहेत.
- शुद्धलेखनासाठी अरुण फडके यांचा ‘मराठी लेखन-कोश’ किंवा तत्सम एखादे पुस्तक.
- स्वतःच्या लेखाचा कागदावर छापलेला मसुदा आणि एक पेन्सिल. पडद्यावर वाचताना पुनरावृत्ती डोळ्यांतून सुटते. कागदावर ती लगेच सापडते.

यांपैकी पहिले तीनही कोश शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर शोधता येतात, त्यामुळे जाड ग्रंथ विकत घेतल्याशिवाय काम अडणार नाही.

१. आधी शब्द फोडून पाहा

‘चर्वित’ म्हणजे चावलेले आणि ‘चर्वण’ म्हणजे चावणे. चावून झालेले पुन्हा चावणे, हा या सामासिक शब्दाचा सरळ अर्थ. मूळ धातू ‘चर्व्’; आपले रोजचे ‘चावणे’ हे क्रियापदही त्याच कुळातले. म्हणजे शब्द दिसायला कितीही भारदस्त असला तरी त्याच्या पोटात उष्ट्या घासाचे, थोडेसे किळसवाणे चित्र आहे. हे चित्र ज्याच्या डोळ्यांसमोर राहते, त्याच्या हातून हा शब्द सहसा चुकत नाही.

शब्दाचा जुना आणि प्रसिद्ध वापर भागवताच्या सातव्या स्कंधातील पाचव्या अध्यायात सापडतो. ही तुझी बुद्धी अशी कशी झाली, असे हिरण्यकशिपू प्रल्हादाला विचारतो, तेव्हा प्रल्हाद घरसंसारात गुरफटलेल्या आणि इंद्रिये न आवरणाऱ्या माणसांचे वर्णन ‘पुनः पुनश्चर्वितचर्वणानाम्’ असे करतो. भोगून झालेले सुखच पुन्हा पुन्हा भोगू पाहणारे लोक, असा तेथे आशय आहे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की तेथे बोलण्याचा किंवा लिहिण्याचा काहीच संबंध नाही. विषय भोगांचा आहे. आजच्या मराठीत मात्र हा शब्द जवळजवळ पूर्णपणे बोलणे, लिहिणे आणि विचार मांडणे यांच्याकडे सरकला आहे. आपल्याला वापरायचा आहे तो हा दुसरा, मराठीतला अर्थ. जेवणाच्या किंवा भोगाच्या संदर्भात तो आज वापरला, तर वाचकाला प्रल्हाद आठवणार नाही, नुसते अडखळल्यासारखे होईल.

त्याच्या जोडीचा शब्द ‘पिष्टपेषण’. ‘पिष्ट’ म्हणजे दळलेले आणि ‘पेषण’ म्हणजे दळणे. मराठीतले ‘पीठ’ हे ‘पिष्ट’ या शब्दापासूनच आले आहे, तेव्हा दळलेले पीठ पुन्हा जात्यात घालणे असा त्याचा अर्थ होतो. संस्कृत शास्त्रग्रंथांत ‘पिष्टपेषणन्याय’ या नावाने हा दृष्टान्त वावरतो. आपट्यांच्या कोशात ‘न्याय’ या शब्दाखाली अशा लौकिक न्यायांची यादी दिली आहे, तीत हाही भेटेल, आणि तेथेच ‘कृतस्य करणं वृथा’, म्हणजे केलेलेच पुन्हा करणे व्यर्थ, हे त्याचे सारही सापडेल.

२. लेखन, लिंग आणि विभक्ती एकदाच पक्की करा

हा भाग थोडक्यात उरकता येतो, पण चुका मात्र येथेच सर्वांत जास्त होतात.

‘चर्वितचर्वण’ हा एकच शब्द आहे; मध्ये जागा सोडू नये आणि जोडरेघही देऊ नये. दोन्ही ‘व’वर रफार आहे. ‘चर्चा’ या शब्दाच्या ओढीने ‘चर्चितचर्वण’ असे लिहिले जाते, ते चूक आहे. येथे कोणीही चर्चा केलेली नाही, चावले आहे. ‘पिष्टपेषण’ लिहिताना ‘पिष्ठ’ नको आणि ‘पेशण’ही नको.

दोन्ही शब्द नपुंसकलिंगी आणि व्यवहारात एकवचनी आहेत : ते चर्वितचर्वण, तेच पिष्टपेषण. अनेकवचन व्याकरणाने साधेल, पण कानाला बोचेल. सामान्यरूप ‘चर्वितचर्वणा-’ असे होते, म्हणून ‘चर्वितचर्वणाचा कंटाळा’, ‘चर्वितचर्वणात वेळ गेला’, ‘चर्वितचर्वणापलीकडे काही नाही’ अशी रूपे बिनधास्त वापरावीत. क्रियापद म्हणून ‘करणे’, ‘होणे’ आणि ‘चालणे’ ही तीन पुरेशी आहेत. ‘चर्वितचर्वण मांडणे’ किंवा ‘चर्वितचर्वण सादर करणे’ अशी रचना दिसली की लेखकाने शब्दाचा अर्थ पाहिलेला नाही, हे उघड होते.

ज्याचे चर्वितचर्वण होते, त्याला षष्ठी लागते : ‘जुन्याच मुद्द्यांचे चर्वितचर्वण’. येथे ‘पुन्हा पुन्हा’ जोडावे का, असा प्रश्न येतो. पुनरावृत्ती शब्दातच असल्याने ते अनावश्यक आहे, असे मी सांगतो. मात्र खुद्द भागवतातच त्याच्याआधी ‘पुनः पुनः’ आलेले असल्यामुळे कोणी ते लिहिले तर त्यावर लाल शाई ओतण्याचा अधिकार मला उरत नाही. तरीही ‘त्याच त्याच गोष्टींचे पुन्हा पुन्हा चर्वितचर्वण’ असे तिहेरी ओझे वाक्यावर घालू नये.

३. हा आरोप आहे, हे ध्यानात घ्या

नवख्यांची सर्वांत मोठी फसगत येथे होते. ‘या प्रश्नावर आजवर बरेच चर्वितचर्वण झाले आहे’ अशी वाक्ये वाचून वाचून अनेकांचा समज होतो की चर्वितचर्वण म्हणजे पुष्कळ चर्चा, सांगोपांग ऊहापोह. मग एखाद्या परीक्षणात ‘लेखकाने ग्रामीण अर्थकारणाचे सखोल चर्वितचर्वण केले असून पुस्तक अवश्य वाचावे’ असे वाक्य अवतरते. लेखकाची स्तुती करायची होती आणि झाली निंदा. पहिल्या घासाला चव असते, चावलेल्या घासाला ती नसते. आणि चवहीन झालेले पुन्हा चघळल्याचा ठपका या शब्दात आहे. त्यामुळे ‘सखोल’, ‘मौलिक’, ‘मार्मिक’ अशी विशेषणे त्याच्यापुढे बसत नाहीत. ‘केवळ’, ‘निव्वळ’, ‘नुसते’, ‘तेच ते’ ही बसतात.

बातम्यांच्या भाषेत या शब्दाची धार बोथट झाली आहे, हे मान्य करावे लागेल. तेथे तो अनेकदा ‘बरीच चर्चा झाली, निष्पन्न काही नाही’ एवढ्यावरच थांबतो. असा वापर सर्रास असल्यामुळे त्याला अशुद्ध म्हणणे मला पटत नाही, पण ज्याला नेमके लिहायचे आहे त्याने तो अनुकरणीय मानू नये. चर्चा नुसती पुष्कळ झाली असेल तर ‘ऊहापोह’, ‘विचारविनिमय’, ‘खल’ हे शब्द आहेत. ‘खल’ हा तर फार उपयोगी शब्द असून अलीकडे उगाच अडगळीत पडला आहे.

येथेच आणखी एक खाचखळगा आहे. ‘चर्वण’ किंवा ‘चर्वणा’ एकटा आला तर त्यात दोष असेलच असे नाही. संस्कृत काव्यशास्त्रात रसाच्या आस्वादाला ‘चर्वणा’ म्हटले जाते; काव्यशास्त्रकार अभिनवगुप्ताच्या विवेचनात ‘रसचर्वणा’ हा गौरवाचा शब्द आहे. समीक्षेचे जुने लेख वाचताना हा शब्द दिसला तर लेखक कंटाळल्याची तक्रार करीत नसून रसिकतेबद्दल बोलत आहे, असे समजावे. चावणे चांगले, चावलेले पुन्हा चावणे वाईट.

४. पुनरावृत्ती खरोखर सदोष आहे का, ते तपासा

आरोप करायचा तर पुरावा हवा. तो कसा तपासावा, याचा विचार आपल्याकडे फार पूर्वी झालेला आहे आणि तो आजही कामाचा आहे.

गौतमाच्या न्यायसूत्रांत, म्हणजे तर्क आणि वाद यांच्या प्राचीन शास्त्रग्रंथात, वादात पराभूत ठरण्याची बावीस निमित्ते सांगितली आहेत; त्यांना निग्रहस्थाने म्हणतात. त्यांतले एक ‘पुनरुक्त’. सूत्र असे : ‘शब्दार्थयोः पुनर्वचनं पुनरुक्तमन्यत्रानुवादात्’. तोच शब्द किंवा तोच अर्थ पुन्हा सांगणे म्हणजे पुनरुक्त, मात्र ‘अनुवाद’ सोडून. या ‘अनुवाद’ शब्दाचा आजच्या भाषांतराशी संबंध नाही. काही प्रयोजनाने केलेले पुनर्कथन, असा त्याचा तेथील अर्थ आहे. त्यासाठी न्यायसूत्रांनी घेतलेला दाखला तर आपल्या बोलण्यातलाच वाटतो : ‘लवकर लवकर जा’ असे म्हटले तर दुसरे ‘लवकर’ वाया जात नाही, त्याने वेग वाढतो. मराठी माणसाला हे वेगळे समजावण्याची गरज नाही. ‘हळूहळू’, ‘दारोदार’, ‘रडत रडत’ या शब्दांत दुसरा तुकडा काढून टाकला तर अर्थच जातो.

त्याहून मोठा दाखला छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायाचा. तेथे उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, ‘तत्त्वमसि’ हे नऊ वेळा सांगतो. दर वेळी दृष्टान्त बदलतो : मध, नद्या, वडाचे फळ, पाण्यात विरघळलेले मीठ. वाक्य तेच राहते आणि ऐकणारा पुढे सरकत जातो. मीमांसक (वेदवाक्यांचा अर्थ लावणारे शास्त्रकार) आणि वेदान्ती यांनी तर एखाद्या ग्रंथाचे तात्पर्य ठरविण्याच्या सहा खुणांमध्ये ‘अभ्यास’, म्हणजे तीच गोष्ट पुन्हा सांगणे, ही एक खूण मानली आहे. जे वारंवार सांगितले जाते तेच सांगणाऱ्याला महत्त्वाचे वाटत असले पाहिजे, हा त्यामागचा साधा तर्क.

हरिपाठ म्हणताना प्रत्येक अभंगानंतर वारकरी ‘हरि मुखें म्हणा, हरि मुखें म्हणा’ हे पालुपद घेतात. त्याला कोणी चर्वितचर्वण म्हणत नाही, कारण तेथे माहिती द्यायची नसून नाम घ्यायचे असते. पाढे पाठ करणे, गायकाने एकच पलटा घोटणे, शिक्षकाने मागच्या तासाचा भाग आजच्या तासाच्या आरंभी दोन वाक्यांत सांगणे, या सर्वांना हाच न्याय लागू होतो.

तेव्हा एखाद्या लेखावर हा शब्द चिकटविण्यापूर्वी स्वतःला विचारावे : हे आधी नेमके कोठे येऊन गेले आहे, ते मला बोट ठेवून दाखविता येईल का? दुसऱ्या वेळी नवा पुरावा, नवे उदाहरण, नवा वाचक किंवा नवे वळण आले आहे का? जे आधी सांगितले गेले ते या वाचकाला ठाऊक असणे अपेक्षित आहे का? शेवटचा प्रश्न परीक्षक नेहमी विसरतात. ज्याने एका विषयावरची बरीच पुस्तके वाचली आहेत त्याला पुढचे पुस्तक उष्टे वाटणारच. पण ते शाळेतल्या मुलांसाठी लिहिलेले असेल तर तो दोष पुस्तकाचा नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ आले, तर शब्द खोडून टाकावा. तुम्हाला नुसता कंटाळा आलेला आहे आणि त्यासाठी ‘रटाळ’ हा प्रामाणिक शब्द उपलब्ध आहे.

५. शेजारच्या शब्दांशी ताडून पाहा

पुनरावृत्ती सदोष ठरली, तरी ‘चर्वितचर्वण’ हाच शब्द हवा असे नाही. काय पुन्हा होत आहे आणि कोण करीत आहे, यावर शब्द ठरतो. हा भाग मी सावकाश सांगणार आहे, कारण मराठीचा खरा धनसाठा येथे आहे.

आधी ‘पिष्टपेषण’ घ्या. कोश हे दोन शब्द बहुधा समानार्थी म्हणूनच देतात आणि व्यवहारात ते एकमेकांच्या जागी चालतात. तरीही मला त्यांत छटेचा फरक जाणवतो. जे आधीच सिद्ध झाले आहे, ज्याचा निकाल लागला आहे, त्यासाठी पुन्हा खटाटोप होत असेल तर ‘पिष्टपेषण’ अधिक नेमके, कारण त्यात वाया गेलेल्या कष्टावर भर आहे. ‘पृथ्वी गोल आहे हे सिद्ध करण्यासाठी पुन्हा दहा पाने खर्च करणे म्हणजे पिष्टपेषण होय.’ जुने विचार, जुन्या कल्पना, जुनी वाक्ये शिळेपणाने पुन्हा पुढे येत असतील तर ‘चर्वितचर्वण’. पहिल्यात श्रम फुकट जातात, दुसऱ्यात चव.

‘दळण’ हा पिष्टपेषणाचा घरगुती भाऊ. ‘किती दिवस तेच दळण दळणार?’ हे वाक्य कोणत्याही घरात ऐकू येईल. संवादात, कथेत, ललित लेखात तो शोभतो. शोधनिबंधात ‘दळण’ आणि स्वयंपाकघरातील संवादात ‘पिष्टपेषण’ ही अदलाबदल मात्र हास्यास्पद होते.

‘गुऱ्हाळ’ वेगळे. ‘चर्चेचे गुऱ्हाळ’ म्हणताना भर तोच तोपणापेक्षा लांबणीवर असतो. बोलणी चालूच आहेत, संपत नाहीत, निर्णय होत नाही. या शब्दावर मला नेहमी थोडा अन्याय झाल्यासारखा वाटतो. कोल्हापूरकडे ज्यांनी खरे गुऱ्हाळ पाहिले आहे त्यांना ठाऊक असते की चुलवाणावर काहिलीत रस तासन्‌तास आटतो, मळी काढावी लागते, उसाच्या चिपाडांचेच जळण होते, आणि अखेरीस गूळ निघतो. चर्चेच्या गुऱ्हाळातून तो निघत नाही, हीच तक्रार असते. म्हणून निर्णय लवकर झाला, पण मुद्दे जुनेच होते, अशा सभेला ‘गुऱ्हाळ’ म्हणू नये.

‘पाल्हाळ’ आणि ‘चऱ्हाट’ यांत पुनरावृत्ती असलीच पाहिजे असे नाही. मुद्दा सोडून फाटे फोडीत जाणे म्हणजे पाल्हाळ. चऱ्हाट म्हणजे मूळचा दोर. तो वळीत बसावा तसे लांबण लावीत बोलणे म्हणजे चऱ्हाट वळणे. एखादा वक्ता एकही वाक्य दुसऱ्यांदा न उच्चारता दोन तास पाल्हाळ लावू शकतो. त्याला चर्वितचर्वणाचा दोष देणे चूक ठरेल.

‘पालुपद’ म्हणजे ध्रुवपद. गद्यात ते एकाच वाक्याला किंवा एकाच मागणीला लागते : ‘निधी नाही, हे प्रशासनाचे पालुपद चालूच राहिले.’ तसेच पण जास्त चिडलेले ‘तुणतुणे’. ते एकतारी वाद्य सतत एकच सूर देते, म्हणून आपलीच एक गोष्ट वाजवीत राहणाऱ्यासाठी हा शब्द योजतात. त्यात तक्रारीचा सूर मिसळला की त्याचे ‘रडगाणे’ होते. ‘घोषा लावणे’ हे मुलांच्या हट्टापासून आंदोलकांच्या मागणीपर्यंत सगळीकडे चालते आणि त्यात कंटाळ्याइतकाच आग्रहही असतो.

‘री ओढणे’ या वाक्प्रचारात पुनरावृत्ती दुसऱ्याच्या बोलण्याची असते. अध्यक्ष बोलले आणि उरलेल्या सदस्यांनी माना डोलावून तेच म्हटले, तर त्यांनी अध्यक्षांची री ओढली. येथे दोष शिळेपणाचा नसून स्वतंत्र मत नसण्याचा आहे. एखाद्या समीक्षकाने आधीच्या समीक्षकाचे मत पडताळून न पाहता उचलले असेल, तर ‘चर्वितचर्वण’ लिहिण्यापेक्षा ‘री ओढली आहे’ असे लिहिणे अधिक नेमके आणि अधिक झोंबणारे.

‘उगाळणे’ भूतकाळाला चिकटलेले आहे. जुने भांडण, जुना अपमान, जुनी चूक उगाळली जाते. ‘कोळसा उगाळावा तितका काळाच’ ही म्हण त्याच घरातली. ‘पाढा वाचणे’ याचा उपयोग यादीसाठी होतो : तक्रारींचा पाढा, दोषांचा पाढा, यादी पहिल्यांदाच वाचली जात असली तरी चालते.

कामाच्या पुनरावृत्तीला यांपैकी कोणताच शब्द लागत नाही. रोजचे तेच काम, तीच धावपळ, तोच प्रवास यांसाठी ‘रहाटगाडगे’ आहे, आणि माणसाच्या पिळवटलेपणावर भर द्यायचा असेल तर ‘घाण्याचा बैल’ किंवा ‘घाण्याला जुंपणे’ आहे. ‘रोज पहाटे पाण्यासाठी रांग लावणे हे तिच्या आयुष्याचे चर्वितचर्वण झाले होते’ हे वाक्य मी एका कथेत वाचले आहे. तेथे ‘रहाटगाडगे’ हवे होते. चर्वितचर्वण तोंडाने किंवा लेखणीने होते, हातापायांनी होत नाही.

६. कोणापुढे वापरायचा, ते ठरवा

लेखी परीक्षणात, अनुपस्थित व्यक्तीच्या विचारांबद्दल, हा शब्द सभ्यतेच्या मर्यादेत राहतो. समोर बसलेल्या वडीलधाऱ्या माणसाला ‘आपण चर्वितचर्वण करीत आहात’ असे म्हणणे मात्र उद्धटपणाचे आहे. शब्द संस्कृत असल्याने तो सौम्य होतो, हा भ्रम आहे. सभेत असे प्रसंग येतात. तेव्हा ‘या मुद्द्यावर आधी बोलणे झालेले आहे, आता पुढच्या विषयाकडे वळू या’ हे पुरे होते.

इतिवृत्तात तर हा शब्द मुळीच लिहू नये. इतिवृत्त म्हणजे नोंद. तीत लेखनिकाचा कंटाळा उमटता कामा नये. ‘पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीबाबत मागील सभेतील मुद्दे सदस्यांनी पुन्हा मांडले, निर्णय पुढील सभेपर्यंत तहकूब’ एवढे लिहिले की वाचणाऱ्याला जे समजायचे ते समजते.

स्वतःबद्दल मात्र हा शब्द मोकळेपणाने वापरावा. ‘पिष्टपेषणाचा दोष पत्करून एवढेच सांगतो’, ‘चर्वितचर्वण टळावे म्हणून तो इतिहास येथे देत नाही’ अशा शब्दयोजना मराठी निबंधात रुळलेल्या आहेत आणि त्यांत विनय असतो. अट एवढीच की तसे म्हटल्यावर खरोखर ते टाळावे. ‘पिष्टपेषण करीत नाही’ म्हणून पुढे दोन परिच्छेद तेच दळणारे लेखक कमी नाहीत.

७. वाक्य घडविण्याचा सराव

एक कच्चे वाक्य घेऊ : ‘सदर पुस्तकात लेखकाने शिक्षणाविषयी पुन्हा पुन्हा त्याच त्याच विचारांचे चर्वितचर्वण मांडले आहे.’ ‘पुन्हा पुन्हा’ आणि ‘त्याच त्याच’ यांतले निदान एक जाऊ द्या. ‘मांडले’ऐवजी ‘केले’ करा. वाक्य सुधारले, तरी अजून पोकळ आहे, कारण कोणते विचार आणि आधी कोठे आले होते, हे वाचकाला कळत नाही. आता असे लिहा : ‘घोकंपट्टीने मुलांची जिज्ञासा मरते, हा मुद्दा पहिल्या प्रकरणात चांगला मांडला आहे, तिसऱ्या आणि पाचव्या प्रकरणांत त्याला नवे उदाहरण न जोडता त्याचे केवळ चर्वितचर्वण झाले आहे.’ पुस्तकाचा लेखकही या वाक्याशी भांडू शकणार नाही, कारण त्यात प्रकरणे आहेत, मुद्दा आहे आणि पहिल्या घासाला दिलेले श्रेयही आहे.

भाषांतर करणाऱ्यांसाठी एक सूचना. मूळ मजकुरात कंटाळवाण्या पुनरावृत्तीचा शब्द आला की हात आपोआप ‘चर्वितचर्वण’कडे जातो. थांबावे आणि मूळ बोलणारा कोण आहे, ते पाहावे. गिरणीतला कामगार किंवा शाळकरी मुलगी बोलत असेल तर ‘तेच तेच’, ‘किती वेळा तेच’, ‘झालं यांचं दळण सुरू’ यांपैकी काहीतरी हवे. प्राध्यापक किंवा वकील बोलत असेल तर भारदस्त शब्द चालेल. पात्राच्या तोंडी त्याला न पेलणारा शब्द घातला की वाचकाला भाषांतरकार दिसू लागतो.

८. स्वतःच्या मसुद्यातले चर्वितचर्वण शोधा

दुसऱ्यावर हा शब्द वापरण्याचा परवाना स्वतःचा लेख तपासल्यावरच घ्यावा. छापलेला मसुदा समोर ठेवून प्रत्येक परिच्छेदाच्या समासात त्यातला मुद्दा चार शब्दांत लिहावा. दोन समासांत तीच नोंद आली, तर दोन्ही परिच्छेद शेजारी ठेवून वाचावेत. दुसऱ्यात नवे उदाहरण असेल तर ते पहिल्यात हलवावे आणि उरलेले काढून टाकावे.

संशयाच्या जागा ठरलेल्या असतात. ‘दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर’, ‘थोडक्यात’, ‘म्हणजेच’, ‘वर म्हटल्याप्रमाणे’, ‘पुन्हा एकदा नमूद करावेसे वाटते’ या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढावी आणि त्यांच्या पुढचे वाक्य झाकून परिच्छेद वाचावा. काही उणे वाटले नाही, तर ते वाक्य खुशाल खोडावे. लेखाचा शेवटचा परिच्छेद विशेष संशयाने वाचावा, कारण सांगण्यासारखे संपल्यावर आरंभीचेच पुन्हा सांगण्याची सवय आपल्याला शाळेतल्या निबंधांनी लावलेली असते. आणि मसुद्यात ‘चर्वितचर्वण’ हा शब्द एकाहून अधिक वेळा आला असेल, तर एक ठेवून बाकीच्या ठिकाणी पाचव्या पायरीतला योग्य शब्द बसवावा. शब्दकोशविषयक लेखांना तेवढी सवलत आहे.